बाहीतले हात

"हे चित्र नाहीच," कालिंदी म्हणाली. "ही तपासलेली वही आहे."

खटावकर सरांनी चष्मा काढला. सर चष्मा काढायचे तेव्हा ते एक तर ऐकून घेणार असायचे, नाही तर रागावणार. दोन्हींची सुरुवात सारखीच असायची.

"काय म्हणालीस?"

"तपासलेली वही, सर. मी रोज गठ्ठ्यानं तपासते. मला कळतं."

देवरुंदच्या राजवाडा संग्रहालयातली ती रविवारची दुपार होती. संग्रहालय रविवारी बंद असायचं, म्हणजे इतर दिवशी न येणारे लोक त्या दिवशी अधिकृतपणे यायचे नाहीत. मी तिथं सहायक अभिरक्षक होतो. पदाचं नाव पाहून स्थळं सांगून येत, आणि काम पाहून परत जात. भुसा भरलेल्या वाघाच्या मिशा ब्रशनं झाडणं आणि इंग्रजीत आलेलं पत्र विश्वस्त मंडळाचे सचिव भाऊसाहेब मोकाशी यांना मराठीत समजावणं, ही दोन कामं. बी. ए.ला इंग्रजी घेतलेल्या माणसाला आमच्या गावात याहून बरं काही मिळत नसे.

खटावकर सरांनी आम्हा दोघांनाही शाळेत चित्रकला शिकवली होती. मला सातवीतच त्यांनी प्रेमानं सांगितलं होतं, "दिगू, तू निबंध लिही." कालिंदी बोंद्रेला त्यांनी असं काही सांगितलं नाही. तिला त्यांनी स्वतःचे ब्रश दिले. आता ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची, आणि रविवारी सरांबरोबर संग्रहालयात येऊन जुनी चित्रं पाहत बसायची. मी कुलूप उघडून द्यायचो आणि चहा सांगायचो.

टेबलावर पडलेली चित्रं डच होती. थोरल्या महाराजांनी विलायतेच्या सफरीत ॲमस्टरडॅमला दोन बुलडॉग, एक कुक्कू घड्याळ आणि रेखाटनांची एक पेटी अशी एकत्र खरेदी केली होती. बुलडॉग एडनलाच वारले. घड्याळ सातारच्या पुढं चाललं नाही. चित्रं तेवढी टिकली, कारण पेटी कुणी उघडलीच नाही. महाराज गेले, संस्थान गेलं, आणि पुढं कितीतरी वर्षांनी संग्रहालय काढायची वेळ आली तेव्हा ती उघडली. आत कागद होते, तपकिरी शाईत काढलेली माणसं होती, आणि वरच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं होतं: आड्रियान फर्हूफ. हा सतराव्या शतकातला थोर चित्रकार. त्याची चित्रं पाहायला त्याच्या देशात लोक रांग लावतात, असं सर सांगायचे.

पण आमची चित्रं तितकी थोर दिसत नव्हती. रेघ कापरी होती. त्यावर सरांनी एक उपपत्ती मांडली होती, की ही फर्हूफच्या म्हातारपणची चित्रं असावीत. संग्रहालयाच्या स्मरणिकेत त्यांचा लेखही होता, 'थरथरत्या हातांची भव्यता'. तो लेख मी टंकलिखित केला होता, आणि करताना माझेही डोळे पाणावले होते.

"ही खालची रेघ बघा," कालिंदीनं कागदाला न टेकता बोट फिरवलं. "भित्री आहे. पुढं जाते, थांबते, परत मागं येते. आणि ही वरची. जाड, एका दमात. खांदा तिथं नाही, इथं. मान एवढी लांब नाही, एवढी. आपण लाल पेन्सिलीनं करतो, ह्यानं शाईनं केलंय."

"एकच माणूस आधी कच्चं काढतो आणि मग पक्कं करतो."

"सर, कच्चं तर माणूस बिनधास्त काढतो. हा कच्च्यातच घाबरलाय. कुणीतरी येऊन बघणार आहे, हे त्याला माहितीय."

 मी चहा पुढं सरकवला, तो सरांनी बाजूला सरकवला.

"आणि हात बघा," ती म्हणाली. "ह्या पोराला हात येत नाहीत. म्हणून तो काढतच नाही. ह्याचे बाहीत. ह्याचे टोपीखाली. ही म्हातारी, हिनं तर दोन्ही हात थेट कोंबडीखाली घातलेत."

मी वाकून पाहिलं. कोंबडी खरोखरच गरजेपेक्षा मोठी होती.

"आणि प्रत्येक कागदावर मास्तरनं एक हात बाहेर ओढलाय. चार रेघांत. एकच हात. दुसरा पोरासाठी सोडलाय, की बाबा, हा असा असतो, आता तो दुसरा तू काढ. आणि पुढच्या कागदावर पोरानं परत दोन्ही आत."

"आमच्या वर्गातलाच दिसतोय," मी म्हणालो.

"तुझ्या वर्गात तू होतास ना, म्हणून," ती म्हणाली.

"पण हा कोण?" सरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. म्हणजे चष्मा ऐकण्यासाठीच काढला होता.

मग तिनं सरांचं जाडजूड पुस्तक उघडलं. डच चित्रांचं ते एकच पुस्तक गावात होतं आणि ते सरांनी सायकल विकून घेतलं होतं, असं त्यांच्या घरचे अजून ऐकवायचे. फर्हूफचे शिष्य बरेच होते. त्यातला यॉस्ट लेमर पुढं बऱ्यापैकी नावारूपाला आला. श्रीमंत व्यापाऱ्यांची चित्रं काढायचा. कालिंदीनं ती पानं एकामागून एक उलटली. रेशीम उत्तम, लेस उत्तम, चेहऱ्यावर व्यापाऱ्याला शोभणारा संशय उत्तम. आणि सगळ्यांचे हात, कडाक्याची थंडी पडल्यासारखे, आत. कुणाचे झग्यात, कुणाचे लोकरी वेष्टनात, एकाचा पाठीमागं. एका नगरशेठचा फक्त डावा हात बाहेर होता, आणि आमच्या पेटीतल्या एका कागदावर मास्तरनं काढून दाखवला होता, तोच तो हात. आयुष्यभर त्याला तेवढा एकच येत होता.

सर बराच वेळ पानं मागंपुढं करत राहिले. मग हसले.

"इतकी वर्षं मी ह्याला म्हातारा समजत होतो," ते म्हणाले. "पोरगा निघाला." आणि मग, "शाबास, कालिंदी. माझा लेख गेला. पण शाबास."

हे मी मुद्दाम सांगतोय. त्या खोलीत, त्या दुपारी, कुणी काय पाहिलं याबद्दल कुणाच्या मनात काही शंका नव्हती.

हॉलंडला पत्र मीच लिहिलं. मसुदा भाऊसाहेब मोकाशींनी दिला. भाऊसाहेब महसूल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मराठीत कुणी काही करत नसे, सगळं आपोआप होत असे. 'सदर चित्रांतील हात झाकलेले असल्याने ती यॉस्ट लेमर यांच्या शिष्यदशेतील असल्याचे या संग्रहालयाच्या निदर्शनास आले आहे.' मी म्हणालो, कालिंदी बोंद्रे यांच्या निदर्शनास, असं घालूया. भाऊसाहेब म्हणाले, संस्थेच्या पत्रात व्यक्ती येत नाही.

मी ते पत्र टाकलं आणि विसरून गेलो. हॉलंडमधलं कुणी देवरुंदच्या पत्राला उत्तर देईल, असं मला वाटलं नव्हतं. उत्तर आलं, आणि पाठोपाठ जानेवारीत डॉक्टर ओस्टरहाउस नावाच्या बाई स्वतः आल्या.

बाई साठीच्या, उंच, पुरुषी बूट घातलेल्या. फर्हूफ आणि त्याचे शिष्य हा त्यांचा विषय, आणि मास्तराची रेघ कुठं संपते आणि शिष्याची कुठं सुरू होते, हे ठरवणं हा त्यांचा धंदा. भाऊसाहेबांनी 'डॉक्टर' एवढंच ऐकलं आणि स्वागताचा नारळ देता देता स्वतःचा गुडघाही दाखवला. बाईंनी तो सहानुभूतीनं पाहिला.

मग त्या चित्रांपुढं बसल्या. भिंग, टॉर्च, पुन्हा भिंग. सकाळ गेली. कोंबडीपाशी आल्यावर त्या मोठ्यानं हसल्या आणि मला बोलावून म्हणाल्या, "तुम्हाला माहितीय? ती कोंबडी आहे ना, ती फक्त हात झाकण्यासाठी आहे."

मी म्हणालो, आम्हाला माहीत आहे.

व्हरांड्यात चहा घेताना त्या मला म्हणाल्या, "पत्रात जे लिहिलंय ते बरोबर आहे. एकूण एक बरोबर आहे. आमच्याकडे फर्हूफच्या शिष्यांचे कागद खोक्यांनी पडलेत. कुठला हात कुणाचा, कुणाला ठाऊक नाही. मी सूची करतेय. दोन वर्षांसाठी मला एक माणूस घेता येतो. पदव्या असलेले तिकडं पुष्कळ आहेत. मला पाहता येणारा हवाय. ते लपवलेले हात ज्यानं पाहिले, तो मला हवाय."

मी तोंड उघडलं.

"तुम्ही सांगू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिसरे. चित्र कुणाचं, हे आम्ही मालकाला विचारत नाही, दलालाला विचारत नाही. दुपारी मीच त्यांना विचारीन. समोरासमोर."

दलाल म्हटल्याचं मला वाईट वाटलं नाही. इंग्रजी शिकल्यापासून मी ते काम करतच होतो.

मागच्या दालनात, भुसा भरलेल्या वाघापाशी, सर आणि कालिंदी डबा खात बसले होते. मी धावत जाऊन सांगितलं. कालिंदीनं घास तसाच धरून ठेवला.

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"तिथं काय खातात?"

"बटाटे. असं ऐकलंय."

"बटाटे मला चालतात," ती म्हणाली. मग म्हणाली, "साडी नेसून बर्फात कसं चालत असतील?"

"साडी नेसून कुणीच चालत नसेल," मी म्हणालो.

"घरी काय सांगायचं? दादा म्हणतील, दोन वर्षांनी तुला कोण करून घेणार."

"दादांना मी सांगतो," सर म्हणाले. "तू स्वेटरचं बघ."

"सर, अजून कुणी विचारलंसुद्धा नाही."

"विचारतील. विचारलं, की सरळ सांग. मान खाली घालून उभी राहू नकोस. सांग, मी पाहिलं."

"हो, सर."

"म्हणून दाखव."

"काय?"

"मी पाहिलं."

ती हसली. पण सर थांबले होते, तेव्हा तिनं वाघाकडे तोंड करून म्हटलं, "मी पाहिलं."

"मोठ्यानं. वाघाला ऐकू गेलं नाही."

"मी पाहिलं," कालिंदी म्हणाली. त्या दालनात आवाज घुमायचा. वाघाच्या एका डोळ्यात काचेची गोटी बसवलेली होती. तो आमच्याकडे आणि खिडकीकडे एकाच वेळी पाहत होता.

दुपारचा समारंभ भाऊसाहेबांनी ठरवलेला होता. बाईंनी निरोप पाठवला होता, की चार माणसांनी बसून बोलायचंय. भाऊसाहेबांनी त्यासाठी दरबार हॉल उघडला, थोरल्या महाराजांच्या तसबिरीला हार घातला आणि दोन शाली मागवल्या. एक बाईंना, एक सरांना, कारण सर संग्रहालयाचे मानद सल्लागार. उंच पाठीच्या खुर्च्या तीनच होत्या. मधल्या खुर्चीवर बाई, एका बाजूला भाऊसाहेब, दुसऱ्या बाजूला शाल पांघरलेले सर. मी बाईंच्या मागं. कालिंदी सरांच्या मागं. तिच्यासाठी शाळेतलं एक स्टूल आणून ठेवलं होतं, पण सर बसलेले असताना ती बसणं शक्यच नव्हतं.

बाई थोडं बोलल्या. ही यॉस्टची चित्रं आहेत, अगदी सुरुवातीची, आणि त्यावरचे हात खुद्द फर्हूफचे आहेत. अशी चित्रं जगात कमी आहेत. मी भाषांतर केलं. भाऊसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून दारातल्या शिपायानंही वाजवल्या.

"आता मला विचारायचंय," बाई म्हणाल्या आणि थेट कालिंदीकडे वळल्या. सकाळपासून त्यांनी तिला चित्रांभोवती घोटाळताना पाहिलं असणार. "हे आधी कुणी पाहिलं? तुम्ही?"

मी भाषांतर केलं. त्याची गरज नव्हती. तेवढं इंग्रजी तिला येत होतं.

कालिंदीनं श्वास घेतला. मी तिच्याकडेच पाहत होतो; तिचे ओठ मिटलेले होते, 'मी' म्हणण्याआधी मिटतात तसे. मग तिची नजर खाली गेली. समोर सरांचा खांदा होता. त्यावर नवी शाल होती, आणि शालीच्या वर सरांची मान, पाठमोरी, केस पिकलेली. तिनं पदर ओढून दोन्ही हातांभोवती गुंडाळून घेतला.

"सगळं सरांचंच मार्गदर्शन," ती म्हणाली. "मी फक्त कागद धरले."

हे वाक्य आपल्याकडे कुणी खरं धरत नाही. ते नमस्कारासारखं असतं. समोरच्यानं लगेच उठवायचं असतं, अगं, नाही नाही, तूच केलंस सगळं, म्हणायचं असतं, आणि मग दोघांनी हसायचं असतं. मी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं. भाषांतर बिनचूक होतं. नमस्कार तेवढा इकडंच राहिला.

बाईंनी मान हलवली आणि त्या सरांकडे वळल्या. "म्हणजे तुम्ही पाहिलं."

आता सर बोलतील, म्हणून मी वाक्य मनात तयारसुद्धा ठेवलं होतं.  सरांनी शालीची घडी नीट केली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. त्याला लोभ म्हणणं अन्याय होईल. उन्हात बसलेल्या माणसावर क्षणभर सावली यावी आणि त्यानं तिथून हलू नये, तसं काहीतरी. तीस-पस्तीस वर्षं गावातल्या पोरांचे आंबे आणि माठ तपासलेल्या माणसाला कुणीतरी त्याच्या आवडत्या देशाहून येऊन, तुम्ही पाहिलं, म्हणत होतं.

"छे, माझं कसलं आलंय," सर हात जोडून म्हणाले. "आमच्या नारोपंत गुरुजींची कृपा. डोळा त्यांनी दिला."

त्यांनी घेतलंही नाही आणि परतही दिलं नाही. वर पाठवून दिलं.

मी भाषांतर केलं. बाई पुढं सरकून बसल्या. "हे नारोपंत कोण?"

"दरबारचे चित्रकार," भाऊसाहेब म्हणाले. ते इतका वेळ गप्प होते, ते त्यांनाच सहन होत नव्हतं. "खटावकरांचे गुरू. पण त्यांना घडवलं कुणी? थोरल्या महाराजांनी. महाराजांची नजरच तशी होती. ॲमस्टरडॅमला पाहता क्षणीच त्यांनी ओळखलं असणार. त्यांनी नारोपंतांना सांगितलं, नारोपंतांनी यांना. सांगा, सांगा बाईंना."

नारोपंत गुरुजी वारले तेव्हा ती पेटी उघडलेलीच नव्हती. आणि थोरल्या महाराजांनी त्या सफरीहून आल्यावर दुःख केलं ते बुलडॉगचं.

मी सरांकडे पाहिलं. सर जमिनीकडे पाहत होते. कालिंदीकडे पाहिलं. ती थोरल्या महाराजांच्या तसबिरीकडे पाहत होती. त्यात महाराजांचे दोन्ही हात स्वच्छ दिसत होते, एक तलवारीवर, एक कंबरेवर. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहून हनुवटी हलवली. मी भाषांतर केलं.

बाईंचे डोळे भरून आले. "आम्ही विसरलो," त्या म्हणाल्या, "आणि इथं, इतक्या लांब, कुणीतरी लक्षात ठेवलं. बापाकडून मुलाकडं द्यावं तसं." त्यांनी दोन्ही हात जोडून तसबिरीला नमस्कार केला. भाऊसाहेबांनी शिपायाला फोटो काढायला सांगितलं.

बाईंची गाडी संध्याकाळी निघाली. सगळे पोर्चमध्ये आले होते. गाडीत बसता बसता बाई मला म्हणाल्या, "मला उशीर झाला. ज्याला न्यायला आले होते, तो केव्हाच गेलाय. त्या गुरुजींचा एखादा फोटो असेल तर पाठवा."

"मॅडम," मी म्हणालो.

"दिगू," मागून कालिंदी म्हणाली. "त्यांना घाटात अंधार होईल. जाऊ दे."

गाडी गेली. भाऊसाहेब नारळ मोजायला आत गेले. आम्ही दोघं पायऱ्यांवर उभे राहिलो.

"मी पत्र लिहितो," मी म्हणालो. "आजच लिहितो. सगळं लिहितो."

"काय लिहिशील? की सर खोटं बोलले?"

"सर खोटं कुठं बोलले? खोटं तर तू बोललीस."

"मग तेच. मी खोटं बोलले, असं लिहिणार? अशा बाईला कोण नेणार हॉलंडला?"

"पण का बोललीस? वाघाला तर ठणकावून सांगितलंस."

"वाघानं मला पहिल्यांदा पेन्सिल धरायला नाही शिकवलं," ती म्हणाली. "लिहू नकोस, दिगू. लिहिलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

मी लिहिलं नाही. पुढं तिनं तसंही माझ्याशी फारसं बोलणं ठेवलं नाही. म्हणजे लिहिलं असतं तरी चाललं असतं. हा हिशेब मी अधूनमधून करतो, आणि दर वेळी उत्तर तेच येतं.

सर आतून आले. शाल घडी करून काखेत होती. ते आमच्यापाशी थांबले, उगाच चपला नीट केल्या.

"बोलली नाहीस तू," ते म्हणाले.

"तुम्ही बसला होतात, सर."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. हवा सांगावी तसं तिनं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, आणि या वेळी तो कशासाठी काढला ते मला कळलं नाही.

"हो," ते म्हणाले. "मी उठून बाहेर जायला हवं होतं. तेवढंच करायचं होतं."

ते पायऱ्या उतरून गेले. त्यानंतर रविवारी ते संग्रहालयात आले नाहीत. थंडी आहे, म्हणाले. मग ऊन आहे, म्हणाले.

सूची छापून आली तोपर्यंत सर गेलेले होते. ग्रंथ मोठा देखणा होता. भाऊसाहेबांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि तो कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतली. मी ती किल्ली मागून घेतली, म्हातारीचं चित्र असलेल्या पानात खूण घातली, आणि ग्रंथ पिशवीत घालून मुलींच्या शाळेत गेलो.

शाळा सुटलेली होती. कालिंदी चित्रकलेच्या वर्गात एकटीच वह्या तपासत बसली होती. लग्न झालं नव्हतं. दादा म्हणतील असं ती म्हणाली होती, तसंच झालं, फक्त हॉलंडला न जाता. मी ग्रंथ तिच्यासमोर उघडला. कोंबडी फारच सुरेख छापली होती.

"खाली काय लिहिलंय?"

"यॉस्ट लेमर, शिष्यदशेतलं रेखाटन. उजवा हात फर्हूफचा."

"आणि हे बारीक?"

मी वाचलं. मग भाषांतर केलं.

"यॉस्टचं असल्याचं प्रथम कुणी ओळखलं, ते ज्ञात नाही. स्थानिक परंपरेनुसार."

तिनं ते वाक्य माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं. "परंपरेनुसार," ती म्हणाली. "बरं आहे. सरांनी यॉस्टला लावलं होतं तसं मला निदान वय तरी नाही लावलं." आणि ग्रंथ मिटून माझ्याकडे सरकवला.

मग तिनं पुढची वही ओढली. कुणा मुलीनं पाणी भरणारी बाई काढली होती. चेहरा बरा होता, घागर उत्तम होती. दोन्ही हात पदराखाली होते. घागर आपली आपण तरंगत होती. कालिंदीनं लाल पेन्सिल घेतली आणि चार रेघांत एक हात बाहेर काढला, घागरीच्या गळ्यावर ठेवला. मी कौतुकानं पाहत होतो. ती थांबली नाही. तिनं दुसराही काढायला घेतला.

"दुसरा तिचा तिला काढू दे ना," मी म्हणालो. "तुझा तो मास्तर सोडायचा ना एक."

"नाही काढत," ती म्हणाली, आणि बोटं पुरी करू लागली.